बिघाडाचा माग

चालू वस्तू घरात असूनही नसल्यासारखी असते. दिवा लागतो, पंखा फिरतो, रेडिओ बोलतो, तोवर त्यांच्याकडे मान वळवून पाहण्याचे कोणाला कारण पडत नाही. परंतु एके सकाळी बटण दाबावे आणि काहीच होऊ नये, की तीच वस्तू एकाएकी साऱ्या घराचा विषय होऊन बसते. मग ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे उपचार सुरू होतात. कोणी तिला दोन चापट्या मारून पाहतो. कोणी तारेला हिसका देतो. कोणी 'आता ही जुनी झाली, नवीनच घेऊ' असा निकाल देऊन मोकळा होतो. आणि कोणी तिला फडक्यात बांधून, बाजारच्या दिवशी तालुक्याला नेऊ म्हणून, कोनाड्यात ठेवून देतो. तेथे ती पुष्कळदा महिनेच्या महिने पडून राहते. या सर्वांहून निराळा असा एखादाच मनुष्य आढळतो. तो वस्तू समोर घेऊन बसतो आणि स्वतःला विचारतो, 'हिला झाले तरी काय?' दुरुस्तीच्या विद्येचा आरंभ या प्रश्नापासून होतो. हातात पेचकस घेण्यापासून नव्हे.

पूर्वीच्या घरांतील साधने उघडी होती. जात्याचा खुंटा सैल झाला, तर दळणारीला तो हाताला कळे. मोटेचा नाडा कोठे झिजला आहे, गाडीच्या चाकाची धाव कोठे ढिली झाली आहे, हे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसे. जे दिसते त्याची भीती वाटत नाही. दुरुस्ती स्वतःला करता आली नाही, तरी सुताराला किंवा लोहाराला नेमके काय सांगावयाचे हे त्याला माहीत असे. विजेवर चालणाऱ्या वस्तूंनी ही ओळख तोडली. त्यांचे सारे व्यवहार एका बंद पेटीत चालतात. आत काय घडते ते कानाला ऐकू येत नाही, डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे वस्तू आपली असूनही परक्याची वाटते. मनुष्य तिचे बटण दाबू शकतो, पण तिला प्रश्न विचारू शकत नाही. पैसे देऊन विकत आणलेल्या वस्तूपुढे असे हतबल होऊन उभे राहणे ही एक प्रकारची पराधीनताच आहे.

बंद पेटीची ही भीती दोन प्रकारची असते, आणि नवशिक्याने ते दोन प्रकार आरंभीच वेगळे करावयास हवेत. एक भीती अज्ञानाची, ती घालवावी. दुसरी भीती शहाणपणाची, ती जपावी. आपल्या देशात घरातील वीज २३० व्होल्टची असते. नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा जेवढा प्रवाह घेतो, म्हणजे सुमारे ०.०४ अँपिअर, तेवढाही प्रवाह छातीतून गेला तर प्राणावर बेतू शकते. जुन्या, जाड पडद्याच्या दूरदर्शन संचात वीस हजार व्होल्ट आणि त्याहूनही अधिक दाब निर्माण होत असे. तो संच बंद करून भिंतीतून प्लग काढला, तरी आतील काही भागांत वीज साठून राही. अन्न गरम करण्याच्या मायक्रोवेव्ह भट्टीतील कपॅसिटर हा तसाच घातक असतो. म्हणून नवशिक्याने भिंतीतील विजेवर चालणारी वस्तू एकट्याने उघडू नये, हा पहिला नियम आहे. विजेरी, भिंतीवरचे घड्याळ, दूरदर्शनचा रिमोट, सेलवर चालणारा रेडिओ या वस्तू शिकणाऱ्याला क्षमा करतात. त्यांतील दीड-दीड व्होल्टचे सेल चूक झाली तरी जीव घेत नाहीत. पोहणे शिकणारा विहिरीच्या पायरीपासून आरंभ करतो. तो भित्रा नसतो, शहाणा असतो.

दुरुस्तीचे काम अनेक वर्षे केलेल्या कारागिरांच्या ध्यानात एक गोष्ट आलेली असते. बिघाड यंत्राच्या मध्यभागी क्वचित राहतो. तो बहुधा सीमेवर राहतो. जेथे माणसाचा हात लागतो, जेथे तार वाकते, जेथे सेल धातूला टेकतो, जेथे एखादा भाग तापतो, तेथे वस्तू आधी थकते. इस्त्रीची तार मधोमध तुटत नाही. ती प्लगजवळ किंवा मुठीजवळ तुटते, कारण तेथे ती रोज वाकते. मिक्सर अकस्मात थांबला, तर पुष्कळदा त्याचे काही मोडलेले नसते. भार जास्त झाल्यामुळे त्याच्या बुडाशी असलेले लहानसे बटण उडालेले असते. प्लग काढून, यंत्र निवू देऊन ते बटण पुन्हा दाबले की काम चालू होते. रिमोट चालेनासा झाला, तर त्याच्या टोकाचा बारीक दिवा लागतो की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण त्याचा अवरक्त प्रकाश मनुष्याला दिसत नाही. पण पुष्कळशा मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून पाहिले, तर बटण दाबताच तो जांभळट चमकताना दिसतो. तो चमकला की दोष रिमोटचा नव्हे हे ठरते. अशा एका लहान परीक्षेने अर्धा संशय नाहीसा होतो.

या शोधाची रीत अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला निराळी शिकवावी लागत नाही. २०२४ पर्यंत ज्याचे नाव अहमदनगर होते आणि ज्याला सारे जण नुसते 'नगर' म्हणत आले, त्या या जिल्ह्याच्या उत्तर भागाचे जीवन कालव्यांवर चालते. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. तेथील पाणी प्रवरेच्या पात्रातून संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते, आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरी या बाजूंच्या शेतांकडे जाते. समजा, शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी आले नाही. तेथील शेतकरी 'भंडारदरा धरण बिघडले' असे म्हणतो काय? तो खांद्यावर फावडे टाकतो आणि पाटाच्या कडेने उलटा चालू लागतो. निम्म्या वाटेवर थांबून तो पाहतो. तेथे पाणी असेल, तर दोष त्याच्या खालच्या बाजूस. नसेल, तर वरच्या बाजूस. अशी निम्म्याने वाट कमी करीत तो नेमका त्या जागी पोहोचतो, जेथे चारी फुटली आहे किंवा दाऱ्यात काडीकचरा अडकला आहे. मग पाच मिनिटांत काम होते. विजेचा प्रवाह म्हणजे असेच एक पाटपाणी. सेल हे त्याचे धरण, तार हा पाट, बटण हे दारे आणि दिवा किंवा आवाजाचा भोंगा हे टोकाचे शेत. फावड्याच्या जागी मल्टीमीटर नावाचे लहानसे यंत्र घ्यावयाचे आणि प्रवाह कोठवर पोहोचतो ते पाहत मागे यावयाचे, एवढाच काय तो फरक.

जिल्ह्याच्या दक्षिणेस मात्र कालव्यांचे सुख थोडे. पाथर्डी तालुक्यात गर्भगिरीच्या डोंगराकडे असलेल्या एखाद्या वस्तीवरचे घर डोळ्यांपुढे आणावे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की तेथील कित्येक जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. अशा घरी आजी आणि तेरा वर्षांचा नातू एवढेच मागे राहिले आहेत. घरात सेलवर चालणारा एक रेडिओ आहे. तो आजोबांनी घेतला होता; आजोबा आता नाहीत. पहाटेचे अभंग, शेतीचे कार्यक्रम, बातम्या हे सारे आजीला त्या पेटीतून मिळते. वेळ ती घड्याळावर पाहत नाही. रेडिओवर काय लागले आहे त्यावरून ओळखते. आणि एके दिवशी तो रेडिओ मुका होतो. तालुक्याला जावे तर एस.टी.चे भाडे, दुरुस्तीचे पैसे आणि एका दिवसाची शाळा. आईवडील परत येईपर्यंत थांबावे तर चार-पाच महिने. त्या वस्तीवर संध्याकाळ फार लवकर होते आणि फार लांबते. रेडिओ नसलेल्या घरात तिची लांबी आणखी वाढते.

नातू रेडिओ उघडावयास निघतो, तेव्हा आजी म्हणते, "लेकरा, ती तुझ्या आजोबांची वस्तू आहे. नीट होत नसेल तर होऊ नये. पण आहे त्याहून वाईट करू नकोस."

या एका वाक्यात नवशिक्याचा सगळा धर्म आला आहे. परंतु मुलाला तो पहिल्या दिवशी कळत नाही. तो घाईघाईने सारे स्क्रू काढतो आणि जमिनीवर ठेवतो. आत हिरव्या पाटीवर रंगीबेरंगी कण बसवलेले असतात. त्यांतील काहींना तो बोटाने हलवून पाहतो. काहीच समजत नाही, तेव्हा पेटी पुन्हा लावतो, आणि एक स्क्रू हातात उरतो. तो कोठला, हे त्याला आठवत नाही. रेडिओ मुकाच राहतो. आजी काही बोलत नाही. ती रेडिओवरची धूळ पदराने पुसून तो कोनाड्यात ठेवते. ते न बोलणे मुलाला रागावण्यापेक्षा जड जाते.

दुसऱ्या दिवशी तो निराळ्या रीतीने बसतो. जमिनीवर पांढरे फडके अंथरतो. प्रत्येक स्क्रू काढला की वाटीत ठेवतो, आणि कोणता कोठला हे वहीत आकृती काढून लिहितो. हात न लावता तो आधी नुसते पाहतो. काही जळल्याचा वास येतो काय? कोठे तार लोंबते काय? मग तो सीमेपासून आरंभ करतो. रेडिओतील सेल काढून विजेरीत घालतो, विजेरी लागते. म्हणजे सेल चांगले आहेत. धरणात पाणी आहे. सेल ज्या स्प्रिंगला टेकतात, तिच्यावर हिरवट-पांढरा थर साचलेला त्याला दिसतो. पूर्वी कधीतरी एखादा जुना सेल आतच राहून पाझरला असावा. तो थर तो पॉलिश कागदाने हलकेच घासून काढतो, कोरड्या फडक्याने पुसतो आणि हात धुऊन येतो. रेडिओ क्षणभर खरखरतो आणि पुन्हा गप्प होतो. पण ती खरखर म्हणजे केवढे तरी उत्तर आहे! काल ज्या पेटीत मुलाला सारा अंधारच दिसत होता, तिने आज एक शब्द उच्चारला आहे. आता बिघाड कोठे आहे हे कळले नसले, तरी कोठे नाही हे कळले आहे.

मग तो स्प्रिंगपासून पाटीपर्यंत जाणारी तांबडी तार एका लाकडी काडीने हळूच दाबतो. दाबली की आवाज येतो, सोडली की जातो. तारेचा पाटीवरचा जोड तडकला आहे. चारी फुटली ती येथे!

जोड पक्का करण्याचे साधन घरात नाही. परंतु गावात शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा एक कारागीर आहे. मुलगा रेडिओ फडक्यात बांधून त्याच्याकडे नेतो आणि म्हणतो, "काका, दोष सापडला आहे, एवढा जोड कसा लावावा ते दाखवता का?" 'रेडिओ दुरुस्त करून द्या' असे तो म्हणत नाही, हे ध्यानात घ्यावे. कारागीर त्याच्याकडे निरखून पाहतो आणि सोल्डरची तापलेली कांडी त्याच्याच हातात देतो. कथील आणि शिसे यांची ती मऊ तार सुमारे १९० अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. नवशिका नेहमी तारेलाच कांडी लावतो. तार वितळते, थेंब पडतो, पण जोड कच्चा राहतो. "आधी जोडाला ताप दे," कारागीर सांगतो, "तार मग आपणहून वितळून आत शिरेल. आणि ती निवेपर्यंत हात हलू देऊ नकोस." पहिला जोड करडा, खडबडीत येतो. तो काढून दुसरा केला जातो. तो गुळगुळीत आणि चकचकीत उतरतो. त्या संध्याकाळी वस्तीवर बातम्या लागतात. आजी नातवाची पाठ थोपटत नाही. ती एवढेच म्हणते, "आवाज जरा मोठा कर." तिच्या दृष्टीने रेडिओ पुन्हा पूर्वीसारखा, न दिसणारा झालेला असतो, आणि दुरुस्तीचे खरे यश तेच होय.

दुरुस्तीत हातापेक्षा विचाराचे काम अधिक असते, याचे एक विख्यात उदाहरण अमेरिकेतील आहे. रिचर्ड फाइनमन हा पुढे १९६५ च्या भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी झाला. तो १९१८ मध्ये जन्मला. त्याच्या बालपणी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. लोकांपाशी कारागिराला द्यावयास पैसे नव्हते, म्हणून ते या मुलाला रेडिओ दुरुस्त करण्यास बोलावीत. एका गृहस्थाचा रेडिओ लावताक्षणी भयंकर कर्कश आवाज करी आणि थोड्या वेळाने शांत होऊन नीट वाजू लागे. मुलाने तो ऐकला आणि हत्यार न उचलता तो खोलीत येरझारा घालू लागला. गृहस्थाने चिडून विचारले, हे काय चालले आहे? मुलगा म्हणाला, विचार करतो आहे. त्या काळचे रेडिओ निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालत, आणि नळ्या तापल्यावाचून काम करीत नसत. काही नळ्या आधी तापत असतील आणि काही मागाहून, त्यामुळेच आरंभीचा गोंगाट होत असेल, असे त्याने मनाशी ताडले. त्याने नळ्यांची अदलाबदल केली, आणि रेडिओ आरंभापासून नीट वाजू लागला. जो गृहस्थ त्याच्यावर चिडला होता, तोच पुढे सर्वांना सांगत सुटला की हा मुलगा नुसत्या विचाराने रेडिओ दुरुस्त करतो.

पुढे व्हॉल्व्ह मागे पडले. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ तेथील बाजारात आला. रेडिओ खिशात मावू लागला, आणि आपल्याकडे तर 'ट्रान्झिस्टर' हे रेडिओचेच नाव होऊन बसले. ज्या अर्धवाहक पदार्थांतून हे युग जन्मले, त्यांची चाहूल आपल्या देशातील एका शास्त्रज्ञाला फार पूर्वी लागली होती. विद्युत्‌लहरी टिपणाऱ्या स्फटिकाच्या साधनासाठी जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. ट्रान्झिस्टरला तापावे लागत नाही आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. म्हणूनच आजच्या वस्तूंचे अंतरंग सहसा शाबूत असते; दगा देतात ते जोड, बटणे, तारा आणि सेलची घरे. शास्त्रज्ञांनी मध्य पक्का केला. सीमेची राखण मात्र वापरणाऱ्याकडेच राहिली.

हाताचे काम आणि डोक्याचे काम यांची फारकत आपल्या समाजात फार जुनी आहे. ती मिटवण्याचे प्रयत्नही याच मातीत झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' या मार्गाने श्रमाला शाळेत मानाची जागा दिली. या संस्थेच्या शाळा नगर जिल्ह्यातही आहेत. पुण्याकडे जाताना घोड नदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो. त्या तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ते अन्नतंत्रज्ञ होते. मुंबईतील एका मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात येऊन राहिले, आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी या कामाला वाहून घेतले. शाळेत ज्यांचे मन रमले नाही अशी मुले तेथे लोखंड जोडतात, वायरिंग करतात, शेती करतात, आणि ते करता करता त्यामागचे विज्ञान शिकतात. प्रत्यक्ष काम हेच शिकण्याचे स्वाभाविक साधन आहे, ही कलबागांची श्रद्धा होती. ज्याने एकदा तारेचा तुटलेला जोड शोधून काढला, त्याला प्रवाहाचा धडा पाठ करावा लागत नाही. तो त्याच्या बोटांत असतो.

या विद्येला आज आणखी एक महत्त्व आले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची नोंद ठेवून रीतसर विल्हेवाट लागली. उरलेल्यात शिसे आहे, पारा आहे. तसेच पुन्हा वापरता आले असते असे तांबे आहे आणि सोनेही आहे. त्या ढिगाऱ्यातील कित्येक वस्तू एका तडकलेल्या जोडापायी किंवा एका गंजलेल्या स्प्रिंगपायी तेथे गेल्या असतील. याच विचाराने नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरात २००९ मध्ये 'दुरुस्ती कॅफे' सुरू झाला. तेथे जाणकार आणि अजाण लोक एका मेजाशी बसून बिघडलेल्या वस्तू नीट करतात. ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. आपल्या आजीआजोबांना तिचे नवल वाटले नसते. फाटलेल्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आणि फुटक्या घागरीत तुळस लावणाऱ्या घरांत टाकून देणे हा शेवटचा उपाय असे, पहिला नव्हे.

तरीही प्रत्येक वस्तू घरी नीट होत नाही, हे सांगितलेच पाहिजे. आजच्या पुष्कळ वस्तूंची झाकणे स्क्रूंऐवजी चिकटवून बसवलेली असतात. काहींचे सारे काम मुगाच्या डाळीएवढ्या एका चकतीत चाललेले असते, आणि ती बिघडली तर घरच्या हत्यारांना तेथे वाव नाही. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेते. तिच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये. 'येथून पुढे माझे काम नाही' हे ज्याला वेळेवर कळते, तो अर्धा कारागीर झाला असे समजावे. अशा माणसाचा घरचा प्रयत्नही वाया जात नाही. तो दुकानी जातो, तेव्हा 'काहीतरी बिघडले आहे' असे मोघम सांगत नाही. सेल तपासले, तार तपासली, दोष त्याच्या पुढे आहे, असे सांगतो. अशा गिऱ्हाइकाला फसवणे कठीण असते. आणि मुख्य म्हणजे, त्याला कारागिराच्या कष्टांची किंमत कळलेली असते. एक जोड नीट लावण्यासाठी हात किती स्थिर लागतो, हे ज्याने अनुभवले, तो मजुरीच्या पैशांसाठी घासाघीस करीत नाही.

दुरुस्ती शिकणारा मनुष्य वस्तूंपेक्षा स्वतःमध्ये अधिक बदल घडवतो. त्याची घाई कमी होते. दिसले त्याची नोंद ठेवण्याची त्याला सवय लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, म्हणजे कशामुळे काय झाले हे कळते, हा विज्ञानाचा नियम तो पुस्तकाबाहेर शिकतो. दुसऱ्याची वस्तू हाती आली, तर ती आहे त्याहून वाईट करून परत द्यावयाची नाही, ही जबाबदारी तो ओळखतो. आणि हळूहळू त्याला असेही दिसू लागते की बिघाड केवळ यंत्रांतच होत नाहीत. घरात अबोला धरला जातो, गावात तंटा होतो, शाळेत एखादा विषय मुलाला नकोसा होतो. तेव्हाही लोक चापट मारतात, हिसका देतात किंवा 'हे आता सुधारायचे नाही' म्हणून मोकळे होतात. परंतु तेथेही पुष्कळदा मध्य शाबूत असतो; तुटलेला असतो तो एखादा जोड. तो शोधण्यास पाटाच्या कडेने उलटे चालावे लागते, आणि सापडल्यावर तो निवेपर्यंत हात स्थिर ठेवावा लागतो. एवढा धीर ज्याच्यापाशी आहे, त्याला कोणतीही बंद पेटी फार काळ परकी राहत नाही.